हवामानासाठी गावानं सुरुवात कुठून करावी: बुराईकाठच्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात बुराई नदीच्या काठी तीन हजार वस्तीचं गाव, शिवार साधारण हजार हेक्टर, बहुतेक कोरडवाहू. तिथल्या बचत गटांच्या ग्रामसंघात काम करणाऱ्या एक ताई लिहितात: हवामान बदलावर गावानं मिळून काहीतरी ठोस करायचं ठरवलंय. तरुण म्हणतात झाडं लावू. बायका म्हणतात विषमुक्त धान्य पिकवून धुळ्याला विकू. मध्यंतरी कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे जमिनीत कार्बन साठवल्याचे पैसे देऊ म्हणणारे, येऊन सह्या मागून गेले. यातलं आधी काय धरावं?

ताई, तिन्ही गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत, पण यातली एकही पहिली नाही. खानदेशातल्या गावांमध्ये वीसेक वर्षं पाणी आणि पीक या दोन गोष्टींवर काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे: जिथे पाण्याचा निर्णय ज्याचा त्याचा राहिला, तिथे लावलेली झाडंही जगली नाहीत आणि सेंद्रिय गटही दोन-तीन हंगामांत विखुरला. आणि ज्या धान्याला गावात खाणारं कुणी उरलं नाही, ते शिवारातूनही गेलं. म्हणून पहिल्या वर्षी दोनच गोष्टी धरा. गावाच्या पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडा, आणि त्या पाण्यात बसणारं धान्य गावाच्या ताटात परत आणा.

आपल्याकडे हवामान बदल कसा येतो ते तुम्ही रोज बघता. ऑगस्टमध्ये वीस-पंचवीस दिवसांचा खंड, मग कापूस फुटायच्या वेळी ऑक्टोबरात झड, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा-गव्हावर गारा, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वरचं ऊन. यातलं काहीच आपल्या गावाला थांबवता येत नाही. एका फटक्यात सगळं गाव आडवं होऊ नये अशी शेती मात्र बसवता येते, आणि तीच शेती हवेत कमी वायू सोडते. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश अन्नाच्या साखळीतून येतात: नांगरापासून खतापर्यंत, वाहतुकीपासून वाया जाणाऱ्या अन्नापर्यंत. युरियाचा जो भाग पिकाला न लागता उडून जातो, त्यातल्या थोड्याशा नत्राचा नायट्रस ऑक्साइड होतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे. उडीद-मुगाच्या मुळांवरच्या गाठी हेच नत्र फुकट देतात. तेव्हा गाव वाचवणं आणि हवामान वाचवणं अशी दोन वेगळी कामं मांडायची गरज नाही.

आता पाणी. तुमच्या शेजारी साक्री तालुक्यात पांझरेवर, आणि तिकडे बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, तीनशेहून अधिक वर्षं फड पद्धत चालत आली. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सोयरिकीतल्या कुणाची तरी जमीन फडात असेलच. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग, म्हणजे फड. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. एका फडात एकच पीक. ऊस कुठे, गहू-हरभरा कुठे आणि यंदा कोरडा कुठला ठेवायचा, हे नदीला किती पाणी आहे ते बघून सगळे मिळून ठरवायचे आणि पुढच्या वर्षी पिकं फिरवायचे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला पिकातून. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा राहायचा, पण कुणी शेतकरी एकटा कोरडा पडत नसे. माझ्या मते हवामान बदलाला तोंड देण्याची याहून शहाणी रचना आपल्या भागात अजून कुणी आणलेली नाही. पुढे नद्यांवर वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पाण्याची मालकी मोटारीच्या ताकदीवर ठरू लागली, आणि बरेच फड मोडले.

तुमच्या गावात फड नव्हता, आता नव्यानं करताही येणार नाही. पण त्यातला नियम विहिरींना लावता येतो, आणि त्यासाठी आधी आकडे लागतात. हिशोब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तुमच्या हजार हेक्टरवर वर्षात ५०० मिलिमीटर पडला असं धरा: ५०० कोटी लिटर झाले. त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही पिकं पितात, काही ओढ्यानं वाहून जातं. काळ्या खडकाच्या भागात जमिनीत मुरतं ते ढोबळमानानं दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे ५० कोटी लिटर. आता खर्चाची बाजू. माणशी रोज ५५ लिटर धरले तर तीन हजार माणसांना वर्षाला सहा कोटी लिटर लागतात. गुरांचं वेगळं. आणि पाटानं भिजवलेल्या केळी किंवा उसाच्या एका हेक्टरला वर्षाला साधारण दोन कोटी लिटर. म्हणजे तीन हेक्टर केळी सगळ्या गावाच्या वर्षभराच्या पिण्याइतकं पाणी घेते. हे गणित शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. सभेत तासभर बोलून जे होत नाही ते या भिंतीनं होतं, कारण तिथे कुणाचं नाव घेऊन दोष द्यावा लागत नाही.

ठिबक केलं की प्रश्न सुटेल असं कुणीतरी नक्की म्हणेल. ठिबक हवंच. पण जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे बघा. तिथे ठिबक फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर आलं, शेतकरी हुशार आणि मेहनती, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी भूजल खोल जात राहिलं, कारण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली. यंत्रानं पाणी वाचतं, पण वाचलेलं पाणी कुणाचं हे गावानं ठरवलेलं नसलं तर ते शिल्लक राहत नाही. तुमच्या भागात सुलवाडे-जामफळ उपसा योजनेच्या पाण्याची वाट बघणारे खूप आहेत. ते पाणी येईल तेव्हा येईल. त्याआधी गावाला नियम करायची सवय लागली नसेल, तर आलेलं पाणीही चार-दोन मोठ्या खातेदारांच्या उसात जाईल.

करायचं एवढंच: गावातल्या वीस-पंचवीस विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, मधल्या आणि नदीकाठच्या. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते, तुम्हीही त्याच महिन्यांत दोरी सोडून मोजा म्हणजे त्यांच्या नोंदीशी ताडून बघता येईल. मोजणी नववी-दहावीच्या मुलींकडे द्या. शाळेत एक पर्जन्यमापक बसवा, कारण महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडलाच असेल असं नाही. ऑक्टोबरची पातळी आली की त्यावर रब्बीचं ठरवायचं: पाणी एवढं असेल तर गहू, याच्या खाली असेल तर हरभरा आणि दादर (आपली रब्बी ज्वारी), आणि जानेवारीला अमुक खुणेच्या खाली गेलं तर उन्हाळी पीक कुणीच घ्यायचं नाही. पहिल्या वर्षी हा एकच नियम करा. एकच, पण सगळ्यांना लागू. सरपंचांच्या विहिरीलाही.

बंधारे बांधायची घाई मात्र करू नका. धुळे-नंदुरबारच्या जमिनीत एक खास गोष्ट आहे. लाव्हा भेगांत घुसून थंड होऊन तयार झालेल्या काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, ज्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात, आपल्या भागात दाटीनं आहेत. शिवारातून लांबच लांब सरळ गेलेली दगडांची रांग किंवा टेकड्यांची ओळ दिसते ना, ती बहुधा तीच. अशी भिंत जमिनीखालचं पाणी अडवते. म्हणून एकाच शेतातल्या दोन विहिरी, एक भिंतीच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या, पार वेगळ्या वागतात. कुठे पाणी थांबेल आणि कुठे पळून जाईल हे ओळखल्याशिवाय ओढा खोदत सुटलं तर पैसा जातो. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर यांनी जे नाला खोलीकरण आणि सिमेंट बंधाऱ्यांचं काम केलं, त्याच्या मुळाशी भूगर्भाचा अभ्यास होता. पुढे बऱ्याच गावांनी फक्त पोकलेन उचललं आणि अभ्यास मागे ठेवला. शिवार फेरीला भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला बोलवा, विहिरी खोदणारे गावातले जुने लोक बरोबर घ्या, आणि आधी माथ्यावरची कामं करा: बांध, सलग समतल चर, छोटे मातीचे अडथळे. ही रोजगार हमीतून होतात.

आता पिकाकडे येते, कारण माझा जीव इथे जास्त आहे.

तापीच्या खोऱ्यातल्या भारी काळ्या जमिनीत दादर हे पीक बघा. खरिपात साठ-सत्तर दिवसांचा उडीद किंवा मूग काढायचा, आणि त्याच रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दादर पेरायची. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती येते, बहुतेक वेळा एकही पाणी लागत नाही. माणसाला भाकरी, गुराला कडबा, जमिनीला कडधान्यानं सोडलेलं नत्र, आणि विहिरीवर भार शून्य. हलक्या मुरमाड रानात हे जमणार नाही. तिथे बाजरीत तुरीचे तास, मटकी, कुळीथ. कपाशी सोडा असं मी सांगणार नाही, घरात रोख पैसा तिच्यातून येतो. पण सलग कपाशीऐवजी दर काही ओळींनंतर तूर किंवा मूग घाला. आणि कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या जाळू नका, तशाच बांधावर रचूनही ठेवू नका. त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. ग्रामसंघानं एक कुट्टी यंत्र घेऊन गावभर भाड्यानं फिरवलं तर त्याच काड्यांचं खत होतं. जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढवायचा तर काडीकचरा टनांनी लागतो. नुसत्या जीवामृतावर भागेल असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका.

आणखी एक स्रोत आपण हरवत चाललो आहोत. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन येतात, रानात रात्री मेंढ्या बसवतात, लेंडी आणि मूत्र थेट मातीत जातं. पूर्वी त्यांना धान्य देऊन बोलावत. आज त्यांना हाकलून देणारी गावं मला माहीत आहेत. गावानं त्यांच्याशी बोलून कुठल्या रानात कधी बसायचं आणि कुठे चारायचं नाही हे ठरवलं तर खताचाही प्रश्न सुटतो आणि रोपांच्या नासधुशीचं भांडणही.

पण दादर पेरली आणि घरात रेशनचा गहू-तांदूळच शिजला तर ती दादर व्यापाऱ्याच्या भावावर जगेल किंवा मरेल. इथे भरिताच्या वांग्याकडून शिकण्यासारखं आहे. बामणोद, आसोद्याकडची ती हिरवट-पांढरी मोठी वांगी संकरित वाणांच्या लाटेत कधीच वाहून जायला हवी होती. गेली नाहीत, कारण चंपाषष्ठीपासून हिवाळाभर खानदेशातल्या घराघरात आणि शेताशेतात काड्यांच्या जाळावर तीच वांगी भाजायची असतात, दुसरं वांगं चालत नाही. लोकांनी खात राहून ते वाण जपलं, आणि २०१६ मध्ये त्याला मानांकन मिळालं ते त्यानंतर. कळण्याची भाकरी, उडदाचा घुटा, ज्वारीचे बिबडे, हे असं ताटात पक्कं बसलं की बियाणं आपोआप टिकतं. गावातली लग्नं, कानबाईच्या सणाचं जेवण, शाळेचे कार्यक्रम, यात एक तरी पदार्थ गावच्या धान्याचा करायचा, असं ग्रामसंघानं ठरवून टाका. तुमच्या बायकांच्या हातात असलेला हा सगळ्यात मोठा अधिकार आहे आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

यात खरी अडचण पेरणीची नसून साळण्या-भरडण्याची असते. सातपुड्यात मोलगी-धडगावकडे भगर पिकते, पण घरी साळायची म्हणजे बाईच्या खांद्यांची वाट लागते. मग भगर तशीच विकली जाते आणि घरात तांदूळ येतो. तुमच्याकडे तुरीचं तेच होतं. तूर जळगावच्या दालमिलला जाते आणि तुम्ही डाळ दुकानातून विकत आणता. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी दालमिल बचत गटांना चालवता येण्याजोगी आहे. गावासाठी पहिली खरेदी करायची तर माझं मत दालमिलला, गांडूळ खताच्या शेडला नाही. चुरी-टरफलं शेळ्यांना जातात, मजुरी गावात राहते, आणि तूर पेरायला कारण मिळतं.

बियाणं जपण्याचं काम बघायचं असेल तर धडगावला जा. बाएफ संस्थेच्या मदतीनं तिथल्या शेतकऱ्यांनी मका आणि ज्वारीची स्थानिक वाणं गोळा करून राखली आहेत. दरवर्षी थोडी थोडी पेरतात, कारण डब्यात ठेवलेलं बियाणं बदलत्या पावसाशी जुळवून घेत नाही. कायद्याची भीती बाळगू नका. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवता, पेरता, देता-घेता आणि विकताही येतं, फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही.

झाडांबद्दल. पंधरा ऑगस्टला लावलेली रोपं मे महिन्यात कुठे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला तरुणांना घेऊन एकदा मुक्कामाला जा. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती जंगल राखण्याच्या कामासाठी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या पाड्यानं सुमारे चारशे हेक्टर जंगल राखलं. तिथे मुख्य भर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीवर होता, मोडणाऱ्याला दंड होता, आणि जमिनीत शिल्लक असलेल्या खुंटांतून जंगल परत फुटलं. पाणी वाढलं, भात सुधारला. २००४ पासून तिथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते आणि बायका कितीतरी प्रकारच्या भाज्या रांधून आणतात. जंगल आणि ताट यांची गाठ त्यांनी फार आधी ओळखली. तुमच्याकडे जंगल नाही, पण गायरान असेल आणि बांध आहेत. गायरानाचा एक तुकडा दोन पावसाळे चराईबंद करा आणि काय उगवतं ते बघा. बाभूळ, बोर, निंब, हिवर स्वतःहून येतील. बांधावर शेवगा आणि गिरिपुष्प लावा. गिरिपुष्पाचा पाला उत्तम खत आहे आणि जनावरं ते सहसा तोडत नाहीत.

धुळ्यात विक्रीचं थोडक्यात सांगते. निर्यातीचं महागडं प्रमाणपत्र तुम्हाला लागत नाही. पीजीएस-इंडिया या सरकारी प्रमाणपत्राच्या पद्धतीत एकाच परिसरातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. पण सगळी जमीन एकदम बदलू नका. पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न घटतं आणि ते सोसण्याची ताकद लहान शेतकऱ्यात नसते. एकेक एकरापासून सुरू करा, आणि आधी गाव, मग तालुक्यातली वसतिगृहं आणि खानावळी, मग धुळे असं जा.

कार्बन क्रेडिटवाल्यांच्या कागदावर आत्ता सही करू नका. कोरडवाहू जमिनीत वर्षाला हेक्टरी अर्धा टन कर्ब वाढला तरी ते उत्तम काम समजावं. एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, आणि एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हेक्टरी वर्षाला साधारण १.८ क्रेडिट. त्यातून मोजणीचा, तपासणीचा आणि कंपनीचा वाटा जाणार. हा पैसा मिळाला तर वरकड समजा, त्यावर शेतीचं गणित बसवू नका. करार पूर्ण मराठीत मागा, ग्रामसभेत वाचा, आणि विचारा: मुदत किती वर्षांची? मधेच बाहेर पडलं तर दंड काय? जमीन विकली किंवा वाटणी झाली तर? दुष्काळात नांगरावं लागलं तर? नोंदी कुणाच्या मालकीच्या? उत्तरं लेखी आली नाहीत तर विषय तिथेच थांबवा. आणि लक्षात घ्या, विहिरींच्या नोंदी आणि पिकांची वही तुमच्याकडे तयार असेल तर उद्या कुणाशीही बोलताना तुमचा हात वर राहील.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. गावातली किती जमीन ठोक्यानं (ठरावीक रकमेवर) किंवा बटाईनं (पिकाच्या वाट्यावर) दिली जाते? जो एका वर्षासाठी रान घेतो तो त्यात शेणखत कशाला टाकेल? कर्ब वाढायला तीन-चार वर्षं लागतात, त्याला पुढच्या वर्षी ते रान मिळेल याची खात्री नसते. आणि हे कसणारे बहुतेक भूमिहीन किंवा अगदी थोड्या जमिनीचे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं, ठोक्या-बटाईची बोलणीही त्याच सुमारास होतात. म्हणून गावाची बैठक जूनमध्ये ठेवू नका, तोवर बियाणं घरात आलेलं असतं. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात ठेवा, विहिरींचे आकडे भिंतीवर लिहून झालेले असू द्या, आणि जमीन देणाऱ्यांना एकच मागणी करा: ठोका किमान तीन वर्षांचा करा. गावाबाहेर सुरत-नाशिकला राहणारे मालक आखाजीला घरी येतात, त्यांना त्याच वेळी गाठा. माहेरी आलेल्या लेकींनाही बसवून घ्या, बऱ्याच जणींची नावं सातबाऱ्यावर आहेत आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.